हा विक्रेता ‘शाहजोग’ आहे काय?

हुंडीचा व्यवहार आता पेढ्यांवरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तरी जुन्या व्यापारी घराण्यांतील वडीलधाऱ्यांना ‘शाहजोग हुंडी’ हा शब्द अजून आठवत असेल. या हुंडीची रक्कम ती घेऊन येणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती देण्याची रीत नव्हती. ती ‘शाहा’लाच, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे आणि ज्याचे नाव चार पेढ्यांना ठाऊक आहे अशा माणसालाच द्यायची. पैसे मोजण्यापूर्वी समोरचा मनुष्य तसा आहे किंवा नाही याची चौकशी करणे हे पैसे देणाऱ्याचे कर्तव्य मानले जाई. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघालीच, तर रक्कम नेलेल्या शाहाने ती व्याजासह परत करावी, असा बाजाराचा रिवाज होता. कागद नीट पाहिला जाईच. परंतु त्याआधी माणूस पाहिला जाई.

मलकापूर हे अशाच चौकशीवर वाढलेले गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक, गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, कापसाचा बाजार आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यांमुळे येथील व्यापाऱ्याचा परगावच्या माणसाशी संबंध रोजचा. सरकीचा एक ट्रक नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर पाठवायचा असेल, तर येथला आडत्या आधी अकोल्याला, खामगावला किंवा जळगावला दोन फोन करतो. पार्टी कशी आहे, मागची देणी वेळेवर देते काय, हे कळल्याशिवाय माल हलत नाही. आणि तोच व्यापारी रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर पुण्याच्या कोणा अनोळखी माणसाची मोटार पाहतो, छायाचित्रे पसंत पडतात, आणि ‘आणखी दोन गिऱ्हाइके थांबली आहेत’ एवढ्या एका वाक्यावर पंचवीस हजारांचा विसार पाठवून मोकळा होतो. पेढीवरची शिस्त घरातल्या मोबाइलपाशी येऊन का थांबते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. तीन वर्षे वापरलेली मोटार नव्याच्या निम्म्याअधिक किमतीत मिळत असेल तर ती घेणे हा चोख हिशेब आहे. दुकानासाठी वजनकाटा, जनित्र, शीतकपाट, छपाईयंत्र अशा गोष्टी जुन्या घेऊनच अनेक उद्योग उभे राहिले. तेव्हा अशा खरेदीपासून दूर राहा, असा सल्ला देणे निरर्थक होय. पूर्वी या वस्तू गावातल्या किंवा पंचक्रोशीतल्या माणसाकडून, दलालामार्फत येत. आज त्या सूचीवर दिसतात, आणि विक्रेता म्हणून जे दिसते ते केवळ एक नाव, एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि पाच-सहा छायाचित्रे. दलाल गेला, त्याच्याबरोबर त्याची जबाबदारीही गेली.

गणवेशाचा मुखवटा

या फसवणुकीचे स्वरूप किती संघटित आहे, हे हरियाणातील नूह जिल्ह्यात उघड झाले. एप्रिल २०२३ च्या अखेरीस तेथील पोलिसांनी सुमारे पाच हजार मनुष्यबळानिशी १४ गावांत एकाच वेळी छापे घातले. पुढे जाहीर झालेल्या तपासानुसार, तेथून चालणाऱ्या टोळ्यांचा धागा देशभरातील सुमारे २८ हजार प्रकरणांशी आणि शंभर कोटींहून अधिक रकमेच्या फसवणुकीशी जुळला. त्यांच्या अनेक युक्त्यांपैकी एक अगदी साधी होती. दुचाकी, मोटार, मोबाइल अशा वस्तूंची आकर्षक किमतीची जाहिरात टाकायची, चौकशी करणाऱ्याकडून वाहतुकीचा वा कुरिअरचा खर्च म्हणून पैसे मागवायचे, आणि वस्तू कधीच पाठवायची नाही. ती पाठवणार तरी कोठून? मुळात ती अस्तित्वातच नसते.

या कथेतील विक्रेता पुष्कळदा सैन्यातला किंवा केंद्रीय सुरक्षा दलातला जवान असतो. त्याची बदली दूरच्या ठाण्यावर झालेली असते, गाडी विमानतळाच्या किंवा छावणीच्या आवारात उभी असते, आणि ‘अंकलजी, फौजी आदमी हूँ, झूठ नहीं बोलूँगा’ हे वाक्य ठरलेले असते. तो मागण्याआधीच ओळखपत्र पाठवतो, कँटीनचे कार्ड पाठवतो, गणवेशातले छायाचित्र पाठवतो. ही कागदपत्रे बहुधा कोणा खऱ्या जवानाचीच असतात. दुसऱ्या एखाद्या व्यवहाराच्या निमित्ताने ती त्याच्याकडून मागवून घेतलेली असतात. म्हणजे ओळखपत्र खरे आणि ते पाठवणारा खोटा. कालच्या गिऱ्हाइकाने विश्वासाने पाठवलेले आधारकार्ड आज पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवले जाते. म्हणूनच आपल्या कागदपत्रांचे छायाचित्र अनोळखी विक्रेत्याला पाठवणे हाही एक धोकाच आहे. अगदी पाठवावेच लागले, तर त्यावर कोणत्या कामासाठी, कोणाला आणि कोणत्या तारखेला दिले ते आडवे लिहून पाठवावे.

या सोंगामध्ये मानवी स्वभावाचा चांगला अभ्यास आहे. गणवेशाविषयी आपल्या मनात आदर असतो. बदलीमुळे घाई असणे पटण्यासारखे असते. छावणीत बाहेरच्याला प्रवेश नसल्याने ‘गाडी पाहायला येता येणार नाही’ हेही खपून जाते. किंमत इतकी कमी असते की लोभ जागा व्हावा, आणि इतकीही कमी नसते की शंका यावी. सगळी कहाणी एका गोष्टीसाठी रचलेली असते: वस्तू न पाहता पैसे निघावेत. हे लक्षात आले म्हणजे विक्रेत्याच्या गोड बोलण्याची चिकित्सा करत बसण्याचे कारण उरत नाही. जो विक्रेता वस्तू पाहण्याआधी एक रुपयाही मागतो, मग त्याला विसार म्हणो, अनामत म्हणो, गेटपास म्हणो वा कुरिअर म्हणो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. प्रामाणिक विक्रेता यामुळे एखादा हातचा जाईल, जाऊ द्यावा.

मधला माणूस पुन्हा शोधावा

व्यापारी समाजाजवळ एक साधन असे आहे जे इतरांजवळ क्वचितच असते. पुणे, मुंबई, सुरत, इंदूर, नागपूर यांपैकी कोणत्या शहरात आपले कोणी नाही? भाचा शिकतो आहे, मुलीचे सासर आहे, नाहीतर मालाची देवघेव असलेली पेढी तरी आहे. पुण्याची मोटार पसंत पडली तर तेथील आप्ताला सांगावे, ‘भाऊ, रविवारी सकाळी अर्धा तास काढा आणि गाडी प्रत्यक्ष पाहून या. माणूस घरी राहतो काय, शेजारी त्याला ओळखतात काय, एवढे बघा.’ हुंडीच्या काळात शाहा कोण हे चार पेढ्यांना विचारूनच कळत असे. हे त्याचेच आजचे रूप. बनावट विक्रेता या एका मागणीवर गळून पडतो, कारण त्याला घर नसते, शेजारी नसतात आणि गाडीही नसते.

असे कोणी नसेल तर स्वतः जावे. मलकापूरहून मुंबई लोहमार्गाने सुमारे पाचशे किलोमीटर. एका रात्रीचा प्रवास. लाखाच्या खरेदीत तिकिटाचा आणि एका दिवसाचा खर्च धरलाच पाहिजे, जसा मालाच्या किमतीत हमाली आणि तोलाई धरतो. जाताना एकट्याने जाऊ नये, आणि रोकड घेऊन तर मुळीच जाऊ नये. स्वस्त सोन्याचे किंवा जुन्या गिन्न्यांचे आमिष दाखवून परगावच्या माणसाला निर्जन जागी बोलवायचे आणि लुटायचे, अशा बातम्या विदर्भ-मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत आहेत. भेटीची जागा आपण सुचवावी. ती दिवसाढवळ्याची आणि वर्दळीची असावी. सर्वांत उत्तम जागा म्हणजे विक्रेत्याचे खाते ज्या बँकेत आहे तिची मूळ शाखा. आपल्या शाखेत बसून खातेदार व्यवहार करतो आहे, तेथील कर्मचारी त्याला ओळखतात, खात्यावरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे, हे सगळे तेथे आपोआप सिद्ध होते. ज्याचा हेतू शुद्ध आहे त्याला अर्धा तास बँकेत बसण्याची अडचण वाटत नाही.

पैसे पाठवण्याच्या यंत्रणेविषयी काही गैरसमज अद्याप टिकून आहेत. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना टाकावा लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही आपण स्कॅन करायचा नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबातही जुना सोफा विकताना खरीदाराने पाठवलेला कोड स्कॅन केला गेला आणि दोन खेपांत ३४ हजार रुपये गेले. तेव्हा ही चूक अडाणीपणाची नव्हे, बेसावध क्षणाची आहे. दोन व्यक्तींमधील ‘पैसे मागण्याची विनंती’ ही यूपीआयमधील सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे त्या वाटेने होणारी फसवणूक अडली. कोडची युक्ती मात्र चालूच आहे.

नावाची पडताळणी आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे, आणि ही सोय फार थोडे लोक जाणीवपूर्वक वापरतात. आरटीजीएस व एनईएफटीमध्ये रक्कम केवळ खातेक्रमांकावर जमा होत असे. फॉर्मवर लिहिलेले नाव बँक जुळवून पाहीलच अशी खात्री नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव दाखवण्याची सोय द्यावयाची होती. यूपीआयमध्येही बँकेच्या नोंदीतील खरे नाव पडद्यावर दिसावे, असा नियम २०२५ च्या जूनअखेरपासून आला. म्हणून रक्कम पाठवण्याच्या क्षणी घाई न करता ते नाव मोठ्याने वाचावे आणि गाडीच्या आरसीवरचे, बिलावरचे व खात्यावरचे नाव एकच आहे की नाही ते पाहावे. ‘माझ्या मेहुण्याच्या खात्यात टाका’ हे ऐकले की व्यवहार तेथेच थांबवावा. मात्र नाव जुळले म्हणजे सर्व काही झाले, असेही नाही. काही हजारांच्या मोबदल्यात आपले खाते भामट्यांना वापरू देणारे लोक आहेत. अशा भाड्याच्या खात्यावरील नाव खरेच असते.

रोखीविषयी एक आठवण. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. दंड स्वीकारणाऱ्यावर बसतो हे खरे. पण ‘सगळे रोखीत द्या, भाव कमी करतो’ असे म्हणणारा विक्रेता आपल्या हाती कोणताही पुरावा राहू देत नाही, हे खरीदाराने ध्यानात घ्यावे.

मोटार: कागद, बोजा आणि चासी

जुन्या वस्तूंच्या खरेदीत सर्वांत मोठी रक्कम मोटारीत गुंतते, म्हणून तिचा विचार सविस्तर करणे भाग आहे. आरसीचे छायाचित्र पाहून समाधान मानू नये. केंद्र शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर नोंदणी क्रमांक टाकला की गाडीचा वर्ग, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा आहे किंवा नाही, हे दिसते. मालकाचे नाव तेथे अर्धवट झाकलेले असते, पण जुळवण्यापुरते पुरते. त्यानंतर गाडीजवळ उभे राहून चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः वाचावा व आरसीशी एकेक अंक जुळवावा. अपघातात पूर्ण निकामी ठरलेल्या गाडीची कागदपत्रे चोरीच्या तशाच गाडीला लावण्याचे प्रकार देशात घडलेले आहेत. तेथे कागद अगदी अस्सल असतो, फक्त तो दुसऱ्या गाडीचा असतो. खोदलेल्या अंकांभोवती घासल्याच्या खुणा, वेगळा रंग किंवा वेल्डिंग दिसले तर किंमत विचारण्याचेही कारण नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी क्रमांकावरून दुरुस्तीचा इतिहास मिळतो. मालकासह तेथे जाऊन तो पाहावा. किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असेल तर तो तेथे उघडा पडतो.

कर्जाचा बोजा हा सर्वाधिक फसवा भाग. ‘दोनच हप्ते राहिले आहेत, तुमच्या पैशातून भरतो आणि एनओसी आणून देतो’ असे विक्रेता म्हणतो. त्यात खोटेपणा असेलच असे नाही. पण एकदा रक्कम त्याच्या बचत खात्यात गेली की ती कर्जखात्यात जाईल याची हमी कोण देणार? यावर उपाय सरळ आहे. विक्रेत्याला त्याच्या बँकेकडून वा वित्तसंस्थेकडून कर्ज पूर्ण फेडण्याच्या रकमेचे लेखी पत्र आणायला सांगावे, ते शाखेत जाऊन पडताळावे आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी. वित्तसंस्थेच्या सहीशिक्क्याचा नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र हाती आल्यावरच उरलेली रक्कम विक्रेत्याला द्यावी. बोजा आरसीवरून उतरेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याचे आधीच लेखी ठरवावे. पेढीवर मालाचा दर्जा तपासेपर्यंत काही रक्कम मागे ठेवतातच. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

नाव बदलणे हा व्यवहाराचाच भाग समजावा. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. मलकापूरच्या गाड्यांचे काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-२८ मध्ये. ‘सह्या करून ठेवा, नावावर नंतर करू’ ही सवय आपल्याकडे फार. ती घेणाऱ्याला तर घातक आहेच, विकणाऱ्यालाही आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली तरी कागदोपत्री नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. घरातली जुनी गाडी विकून कोणी निश्चिंत बसले असेल, तर ‘वाहन’वर एकदा आपले नाव निघाले की नाही ते आजच पाहावे. विम्याचेही तसेच, विमा आपल्या नावे करण्यासाठी घेणाऱ्याने चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो.

मध्य प्रदेशची हद्द मलकापूरपासून दूर नाही, आणि बऱ्हाणपूरकडची किंवा त्याहून लांब दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते असा अनुभव अनेकांचा आहे. या स्वस्ताईला कधीकधी खरे कारण असते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे त्यांत काही दिलासा मिळाला तरी तेथील जुन्या गाड्यांचा ओघ इतर राज्यांकडे वळला. परंतु परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर मूळ कार्यालयाची ना-हरकत, येथील नवी नोंदणी आणि येथला कर, हे सारे आले. तो खर्च मिळवून बेरीज केली तर पुष्कळदा एमएच-२८ ची गाडीच स्वस्त ठरते.

चोरीची वस्तू

मोबाइलमध्ये तपासणी त्या मानाने सोपी आहे. मोबाइलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलाशी आणि खोक्याशी जुळवावा. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला, किंवा इंग्रजीतील केवायएम ही तीन अक्षरे व पुढे तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला, की तो मोबाइल चोरीचा म्हणून रोखलेला आहे काय ते कळते. आयफोन असेल तर विक्रेत्याने आपल्यासमोर त्यातून स्वतःचे खाते काढलेच पाहिजे; नाहीतर घेतलेली वस्तू कुलूपबंद पेटीसारखी राहते.

दागिन्यांच्या बाबतीत हॉलमार्कवरील सहा अक्षरांकांचा एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने दुकानातून विकताना हा क्रमांक अनिवार्य झाला. त्यावरून शुद्धता कळते, दागिन्याचा प्रकार कळतो. पण दागिना कोणाचा आहे हे कळत नाही. आईचे किंवा आजीचे म्हणून कोणी अनोळखी मनुष्य सोने विकू लागला तर शुद्धतेपेक्षा तो दुसरा प्रश्न महत्त्वाचा. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन दागिना घेऊच नये, हे येथे निःसंकोच म्हणावेसे वाटते.

मालाच्या विक्रीचा १९३० चा कायदा सांगतो, की ज्याच्याकडे मालकीहक्क नाही तो दुसऱ्याला मालकीहक्क देऊ शकत नाही. म्हणजे चोरीची वस्तू आपण पूर्ण किंमत मोजून, बिनदिक्कत, भोळेपणाने घेतली तरी ती आपली होत नाही. पोलीस ती घेऊन जातील आणि पैसे विक्रेत्याकडून मागायचे, जो तोवर नाहीसा झालेला असतो. वस्तू चोरीची आहे असे मानण्यास कारण असतानाही ती घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तो अपराध आहे. ऐंशी हजारांची वस्तू कोणी वीस हजारांना, बिलाशिवाय, रोखीने देत असेल, तर ‘आम्हाला काय ठाऊक’ हे उत्तर कोठेही टिकणार नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, हे स्वतंत्रपणे गणले आहे; आणि खऱ्यासारखी दिसणारी खोटी वस्तू खपवणे, म्हणजे ‘प्रतिरूपक व्यवहार’, हेही त्याच यादीत आहे. हे नियम व्यापार करणाऱ्या माणसाला समोर ठेवूनच सांगितले असावेत असे वाटण्याइतके ते नेमके आहेत.

दुकानासाठी जुना इलेक्ट्रॉनिक काटा घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की वैधमापन विभागाचे चालू मुद्रांकन नसलेला काटा व्यापारात वापरता येत नाही. विक्रेत्याकडून पडताळणीचे प्रमाणपत्रही मागावे.

खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूत दोष निघाला तर ग्राहक आयोगाकडे जाता येईल, अशी अनेकांची समजूत असते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांतून, नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर व्यक्तिगत नात्याने वस्तू विकणाऱ्या माणसाला वगळलेले आहे. म्हणून विक्रीपावती लिहूनच घ्यावी: वस्तूचे वर्णन, क्रमांक, दोष सांगितले असल्यास ते, रक्कम, पैसे कसे दिले, ‘वस्तू माझ्या मालकीची असून तिच्यावर कोणाचा बोजा नाही’ हे वाक्य, सही आणि साक्षीदार. पेढीच्या नावाने खरेदी असेल तर हिशेबनिशीलाही ती लागणारच.

पैसे गेल्यास

इतके करूनही कोणाची फसगत झाली तर पुढचे काही तास फार मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार भरावी, आणि त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. तक्रार नोंदली की व्यवहाराचा क्रमांक संबंधित बँकेकडे जातो; रक्कम त्या खात्यात शिल्लक असेल तर ती तेथेच रोखली जाते, पुढच्या खात्यात गेली असेल तर माग पुढच्या बँकेकडे जातो. भामटे रक्कम काही मिनिटांत दोन-तीन खात्यांतून फिरवून एटीएममधून काढून घेतात. म्हणून रात्री दहाला झालेली फसवणूक सकाळी दुकान उघडल्यावर कळवू, असे म्हणणे म्हणजे रक्कम सोडून देणे.

येथे व्यापारी घरांची एक विशेष अडचण आहे. लोक काय म्हणतील, बाजारात पत जाईल, ‘एवढा हिशेबी माणूस फसला’ म्हणून हसतील, या भीतीने पुष्कळ प्रकरणे घरातच पुरली जातात. कधी मुलगा वडिलांना सांगत नाही, कधी वडीलच मुलापासून लपवतात. सुनेने मोबाइलसाठी पाठवलेले पैसे गेले तर ती आठ-आठ दिवस गप्प राहते. या मौनाचा थेट लाभ भामट्याला होतो. पैसे गेल्याचे समजताक्षणी रागावण्याऐवजी आधी १९३० लावायचा, असा घरात सर्वांना मोकळेपणा असला पाहिजे. रागावणे उद्यावर टाकता येते.

बँक भरपाई देईल ही अपेक्षाही फार ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला दिलेले संरक्षण त्याच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहे; त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याला महत्त्व आहे. आपणच पिन टाकून विसार पाठवला असेल तर तो व्यवहार अनधिकृत ठरवणे कठीण जाते. म्हणून रोखलेली रक्कम हाच बहुधा एकमेव आधार असतो, आणि ती न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. त्यासाठी तक्रारीचा पोच क्रमांक, खाते उतारा, विक्रेत्याशी झालेले सर्व संदेश, जाहिरातीचे पडद्यावरील छायाचित्र आणि त्याचा क्रमांक जपून ठेवावा. संतापाने संभाषण पुसून टाकू नये. स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा बुलढाण्याला सायबर पोलिसांकडे जाताना हे सर्व छापून, तारीखवार लावून न्यावे. आणि ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडे शुल्क भरा’ असे सांगणारा फोन त्यानंतर आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्या भावकीतला असतो. त्याचाही क्रमांक त्याच तक्रारीत जोडावा.